पाखरांची संख्या आणि अहिंसेची कसोटी

इतवारी असो वा धरमपेठ, नागपुरातील इमारतींच्या सज्जांवर कबुतरांची घरटी आणि खिडक्यांवर ताणलेल्या जाळ्या आता नित्याच्या झाल्या आहेत. विष्ठेच्या धुळीने काहींच्या फुप्फुसांना सूज येते, असे वैद्यकशास्त्र सांगते. म्हणूनच ‘वाढलेले पक्षी मारून का टाकू नयेत?’ असे विचारणारेही भेटतात. या प्रश्नाला केवळ भावनेने उत्तर देऊन भागत नाही.

मारल्याने संख्या घटते का? स्वित्झर्लंडमधील बाझल शहरात १९६१ ते १९८५ या काळात सुमारे एक लाख कबुतरे मारली गेली. तरी थवे कमी झाले नाहीत. अन्न मुबलक असल्याने रिकामी जागा नवी पिले भरून काढीत. १९८८ पासून नागरिकांना दाणे न टाकण्याची विनंती करण्यात आली, देखरेखीखालील खुराड्यांतून अंडी काढली गेली आणि चार वर्षांत संख्या जवळजवळ निम्म्यावर आली. चीनने १९५८ मध्ये चिमण्यांविरुद्ध मोहीम उघडली; पुढे किडींचा उपद्रव वाढला आणि १९६० मध्ये ती आवरती घ्यावी लागली.

आपल्याकडेही, पितृपंधरवड्यात ज्याची वाट पाहिली जाते तो कावळा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पाचव्या अनुसूचीत ‘उपद्रवी’ ठरला होता. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच वगळली.

जैन आचारात हिंसा चार प्रकारची मानली आहे : संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. चूल पेटवताना वा शेत नांगरताना घडणारी हिंसा गृहस्थाला सर्वस्वी टाळता येत नाही. संकल्पी हिंसेचा त्याग मात्र त्याच्याकडून अपेक्षित आहे. शिकार ही संकल्पीच. कबुतर आक्रमण करीत नाही. म्हणून तिला विरोधी हिंसेचे नावही देता येत नाही.

परंतु हीच कसोटी दाणे टाकणाऱ्या हातालाही लागते. २०२५ मध्ये मुंबईतील कबुतरखाने बंद करण्यावरून मोठा वाद झाला. जीवदयेच्या भावनेविषयी शंका नाही. तथापि पोत्यांनी ओतलेले धान्य पिलावळ वाढवते, दाटीत रोग पसरतात आणि शेजारच्या श्वसनरुग्णाचा श्वास कोंडतो. तोही जीवच आहे.

बाझलप्रमाणे अंडी काढणे जैन मनाला रुचणार नाही. मात्र घरटे होण्यापूर्वीच सांदी बुजवणे, दाणे टप्प्याटप्प्याने कमी करणे आणि जखमी पक्ष्यांवर उपचार करणे, हे मार्ग मोकळे आहेत. दिल्लीच्या लाल मंदिरातील पक्षी रुग्णालय अनेक दशके हे उपचाराचे काम करीत आहे. नागपूरच्या वैशाखात गच्चीवर पाण्याने भरलेले परळ ठेवावे. ओंजळ मात्र विवेकाने उघडावी.