सॉफ्टवेअर अपडेट करताय? आधी जोडण्या तपासा!



बिलिंगचं सॉफ्टवेअर घेताना आपण किंमत विचारतो, डेमो बघतो. पण एक प्रश्न राहूनच जातो: "उद्या याची नवी आवृत्ती आली, तर मी त्यात करून घेतलेलं काम चालेल का?" ऐन दिवाळीत काउंटरवर गिऱ्हाईक उभं आणि बिल निघत नाही, तेव्हा या प्रश्नाची किंमत कळते.

मुंबईचंच उदाहरण घ्या. रुषभ मेहता यांच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट. ओपन सोर्स आहे, म्हणजे परवान्याचे पैसे नाहीत. हिशोब, स्टॉक, बिलं सगळं त्यात होतं. ते फ्रॅपे नावाच्याच फ्रेमवर्कवर उभं आहे. फ्रेमवर्क म्हणजे घराचा पाया, ईआरपीनेक्स्ट म्हणजे त्यावरचा मजला आणि तुमच्या गरजेची छोटी अ‍ॅप्स म्हणजे वाढवलेल्या खोल्या. पाया बदलला की खोल्या जुळतात का, हे पाहावंच लागतं.

२०२२ मध्ये १४ वी आवृत्ती आली. तिच्यात पगार-हजेरीचा भाग बाहेर काढून फ्रॅपे एचआर हे वेगळं अ‍ॅप केलं. भारताच्या जीएसटीचं काम इंडिया कम्प्लायन्स या वेगळ्या अ‍ॅपकडे गेलं. म्हणजे १३ वरून १४ वर गेलात आणि ही अ‍ॅप्स बसवली नाहीत, तर जीएसटीची सोयच हाताशी नाही! २०२३ मध्ये १५ वी आली. आवृत्तीशी आवृत्ती जुळवावी लागते: १४ ला १४ चं अ‍ॅप, १५ ला १५ चं.

मग अपडेटच नको का? तसं नाही. जुन्या आवृत्तीला सुरक्षेच्या दुरुस्त्या कायम मिळत नाहीत. आणि सरकारी नियम कोणासाठी थांबत नाहीत. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदललेच ना!

म्हणून चार गोष्टी पक्क्या करा:

१. कोणती आवृत्ती आणि कोणती जोड-अ‍ॅप्स वापरताय, ते वहीत लिहून ठेवा.

२. तुमच्यासाठीचे बदल मूळ कोडमध्ये करू देऊ नका. वेगळ्या अ‍ॅपमध्ये करून घ्या. मूळ कोडला हात लावला की पुढचं अपडेट तिथेच अडकतं.

३. आधी बॅकअप, मग अपडेट वेगळ्या कॉपीवर. तिथे एक बिल, एक परतावा, एक जीएसटी रिपोर्ट काढून बघा. जमलं, तरच दुकानात.

४. नव्या आवृत्तीशी जुळवून देण्याचं काम कोणाचं आणि किती पैशात, हे आधीच करारात लिहून घ्या. सॉफ्टवेअर फुकट असलं तरी हे काम फुकट नसतं.

आणि वेळ निवडा. आपल्या देऊळगाव राजात बालाजीच्या यात्रेच्या दिवसांत कोणी दुकानाचं शटर बदलायला काढत नाही. सॉफ्टवेअरचंही तसंच. मंदीचा आठवडा बघा, रात्री काम करा, सकाळी पहिलं बिल स्वतः काढा.

आजच सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावा आणि विचारा, "माझी आवृत्ती कोणती, आणि तिला दुरुस्त्या कधीपर्यंत मिळणार?" उत्तर तारखेसह वहीत उतरवा.