पहिला क्रमांक, पण भरवशाचा?

रायपूरच्या सदर बाजारात दागिना घ्यायचा झाला, तर जाणती गृहिणी केवळ झगमगती पाटी पाहून दुकानात शिरत नाही. आधी चार घरी विचारते. त्यातही, ज्या सासूबाईंनी तीस वर्षे एकाच पेढीवर व्यवहार केला, त्यांच्या शब्दाला वजन अधिक! इंटरनेटवरील शोधयंत्रेही थोड्याफार फरकाने हेच करतात.

१९९८ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोघा विद्यार्थ्यांनी गूगल कंपनी स्थापन केली. एखादा शब्द पानावर किती वेळा आला, एवढ्यावर त्यांनी भिस्त ठेवली नाही. एका संकेतस्थळाने दुसऱ्याचा दुवा दिला, तर ती शिफारस मानायची आणि शिफारस करणारा जितका मान्यवर, तितके तिचे मोल जास्त, असा त्यांचा हिशेब होता.

खोट्या शिफारशींचा धंदा

लबाडांनी यावरही तोड काढली. पोकळ संकेतस्थळे उभारून त्यांनी एकमेकांची पाठ थोपटायला सुरुवात केली. तेव्हा २००४ मध्ये स्टॅनफर्ड आणि याहूच्या संशोधकांनी ‘ट्रस्टरँक’ ही पद्धत मांडली. माणसांनी तपासलेली मोजकी चांगली संकेतस्थळे निवडायची आणि तेथून दुव्यांच्या वाटेने विश्वास पुढे झिरपू द्यायचा. जो दूर, त्याच्या वाट्याला कमी. २०११ मध्ये गूगलने ‘पांडा’ नावाच्या बदलाने उथळ मजकुराला मागे ढकलले. बंद पडलेल्या संकेतस्थळाचे जुने नाव विकत घेऊन त्याच्या पुण्याईवर फालतू मजकूर खपवणाऱ्यांविरुद्ध २०२४ मध्ये नियम आला.

गूगल आपल्या परीक्षकांना चार गोष्टी पाहायला सांगते : अनुभव, जाणकारी, अधिकार आणि विश्वासार्हता. यात विश्वासार्हता सर्वांत महत्त्वाची. परीक्षकांच्या गुणांनी एखाद्या स्थळाचा क्रमांक थेट बदलत नाही. यंत्रणा नीट चालते का, हे त्यावरून तपासले जाते. आरोग्य आणि पैशाच्या विषयांत ही कसोटी अधिक कडक असते.

मग माणसे फसतात कशी?

समजा, गोंदियाचा एखादा मुलगा आजारी वडिलांना रायपूरच्या टाटीबंध येथील एम्समध्ये दाखवू इच्छितो. घाईघाईत मोबाइलवर शोधतो आणि सर्वांत वरचा दुवा दाबतो. पण वरच्या ओळीवर ‘प्रायोजित’ असे लिहिलेले असेल, तर ती पैसे देऊन मिळवलेली जागा आहे, विश्वासाने कमावलेली नव्हे! तेथे कोणी ‘नोंदणी शुल्क’ म्हणून बँकेचा ओटीपी मागितला, तर औषधपाण्यासाठी साठवलेले पैसे क्षणात जातात.

पत्त्याजवळचे कुलूपाचे चिन्हही प्रामाणिकपणाचा दाखला नाही. पाठवलेली माहिती वाटेत कोणी वाचू शकत नाही, एवढाच त्याचा अर्थ. असे कुलूप ठगही लावू शकतो.

म्हणून पत्त्याचे शेपूट वाचावे. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता सहसा ‘जीओव्ही डॉट इन’ने संपतो; सरकारी रुग्णालयांतील नोंदणीची ‘ओआरएस’ सेवाही त्यातच येते. रायपूर एम्सचा पत्ता ‘ईडीयू डॉट इन’ने संपतो. बँकांनी ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘बँक डॉट इन’वर यावे, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश होता. ग्राहकसेवेचा क्रमांक इंटरनेटवर शोधण्यापेक्षा पासबुकावरून किंवा कार्डाच्या पाठीवरून घ्यावा. आणि फसगत झालीच, तर संकोच न करता त्वरित १९३० या क्रमांकावर कळवावे. जितका उशीर, तितकी पैसे अडवण्याची आशा कमी.

शोधयंत्र चार घरी विचारून येते, हे खरे. पण दागिना पारखून घ्यायचा, तो आपल्यालाच!