पाव मैलाची शर्यत आणि गाडीची नाडी

मैत्रिणींनो, मोटारींची शर्यत म्हणजे पुरुषांची हौस, आपला तिच्याशी काय संबंध, असंच आपल्याला वाटतं ना? पण अमेरिकेतली हौशी 'ड्रॅग रेसिंग' जरा समजून घ्या. ती जिंकायला लागणारे गुण आपल्या चांगले ओळखीचे आहेत!

या शर्यतीत वळणं नाहीत की फेऱ्या नाहीत. पाव मैलाचा, म्हणजे सुमारे ४०२ मीटरचा सरळ रस्ता. दोन गाड्या शेजारी-शेजारी उभ्या राहतात, पिवळ्या दिव्यांमागून हिरवा लागला की सुटतात, आणि दहा-पंधरा सेकंदांत खेळ खलास. पूर्वी तिथली तरुण मुलं गावच्या रस्त्यांवरच असल्या पैजा लावीत. हा जिवाशी खेळ थांबावा आणि त्याला नियमांची चौकट मिळावी, म्हणून वॉली पार्क्स यांनी १९५१ साली 'नॅशनल हॉट रॉड असोसिएशन' स्थापन केली.

हौशी मंडळींत 'ब्रॅकेट रेसिंग' हा प्रकार फार लोकप्रिय आहे. आपली गाडी किती सेकंदांत पोचेल, हे प्रत्येकानं आधीच काचेवर लिहायचं. एकीनं पंधरा लिहिले, दुसरीनं बारा, तर पंधरावालीला तीन सेकंद आधी सोडतात. गंमत पुढेच आहे. लिहिल्यापेक्षा लवकर पोचलात, तर बहुधा हरलात! म्हणजे नुसता वेग कामाचा नाही, आपली गाडी नेमकी ओळखता आली पाहिजे. उन्हं तापली की हवा विरळ होते आणि इंजिनाचा जोर कमी पडतो. म्हणून जाणकार स्पर्धक प्रत्येक धावेची वेळ, हवामान, टायरमधली हवा हे सारं वहीत टिपून ठेवतात. अगदी आपल्या दूधवाल्याच्या हिशेबासारखं!

आता बिघाडाचं पाहा. हौसेनं इंजिनाची ताकद वाढवली, की तो ताण पुढच्या भागांवर येतो. आज क्लच जातो. तो भक्कम केला, की उद्या गिअरबॉक्स कुरकुरतो. तो बदलला, की मागचा अ‍ॅक्सल तुटतो. साखळीतली सर्वांत कच्ची कडीच आधी तुटायची. म्हणून पट्टे, रबरी नळ्या, स्पार्क प्लग, फ्यूज, तेल आणि पाणी जवळ ठेवूनच ही मंडळी मैदानावर जातात आणि दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात बॉनेट उघडून बसतात.

धावताना काही बिनसलं, तर मात्र शहाणपण एकच. पाय उचला, आपल्याच बाजूला कडेला घ्या आणि थांबा. तेल गळत असताना "शेवटपर्यंत तर नेऊ" म्हणणं फार महागात पडतं. ते तेल आपल्याच चाकांखाली येतं, नाहीतर मागून येणाऱ्याच्या.

शर्ली मुल्डाउनी यांचं नाव इथे घ्यायलाच हवं. सोळाव्या वर्षी लग्न झालं, पदरात मूल होतं, नवऱ्यानं गाडी बांधून दिली आणि हौसेपासून त्यांची सुरुवात झाली. 'टॉप फ्युएल' या सर्वांत वेगवान वर्गाचं राष्ट्रीय अजिंक्यपद त्यांनी १९७७, १९८० आणि १९८२ साली पटकावलं. १९८४ साली माँट्रियलजवळ पुढच्या टायरनं दगा दिला. भयंकर अपघातात दोन्ही पाय चिरडले, कितीतरी शस्त्रक्रिया झाल्या. तरी १९८६ साली बाई पुन्हा गाडीत बसल्या! एवढ्या कसबी चालकावरही असा प्रसंग येतो. मग तपासणीचा कंटाळा आपल्याला कसा परवडेल?

आपल्याला शर्यत नाही लावायची, आणि रस्त्यावर तर कुणीच लावू नये. पण घरची गाडी आपणही चालवतोच. आठवड्यातून एकदा तेल, पाणी आणि टायरमधली हवा पाहा. पाणी पाहायचं ते इंजिन थंड असतानाच. तापमानाचा काटा वर चढला, तर कडेला थांबून इंजिन बंद करा. गरम रेडिएटरचं झाकण मुळीच उघडू नका, आतलं उकळतं पाणी उसळून अंगावर येतं. नवा आवाज, नवा वास जाणवला, की त्याच दिवशी मेकॅनिकला दाखवा, आणि कुठून, केव्हा येतो तेही नीट सांगा. कुकरची शिट्टी लांबली की आपण लगेच उठून पाहतो ना? तसेच कान गाडीकडेही असू द्या!