मावळातला वंशवृक्ष: शोध कुठून सुरू कराल?

आधी घरातल्या थोरांना बोलतं करा. नावं, मूळ गाव, कुलदैवत, आजीचं माहेर लिहून घ्या. मग गाठायचं वडगावचं तहसील कार्यालय. तिथल्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४ मागा. जुन्या माणसांना हेच 'कोतवाल बुक' म्हणून ठाऊक. गावातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी त्यात सापडतात.

खरा खजिना मात्र जुन्या फेरफारांत. खातेदार वारला की वारसांची नोंद होते आणि एका कागदावर दोन-तीन पिढ्या भेटतात. हिंदू वारसा कायदा १९५६ सालचा. त्यानंतरच्या नोंदींत, हक्कसोडपत्रांत लेकींचीही नावं येतात, बहुधा सासरच्या आडनावासकट. वंशावळीतून बायका गाळायची आपली खोड इथे मोडता येते. पवना धरणात जमीन गेली असेल, तर भूसंपादनाचे कागदही पाहा.

मागे जाल तशी लिपी मोडी होते, आडनावं गायब होतात. 'राणोजी बिन सटवाजी' म्हणजे सटवाजीचा मुलगा राणोजी. एका गावात असे चार राणोजी निघू शकतात. जमिनीचा सर्व्हे नंबर जुळल्याशिवाय कुणालाही पणजोबा करू नका. वतनदार घराण्यांनी पुण्याचं पेशवे दफ्तर धुंडाळावं. इतरांसाठी त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत. कुणी पूर्वज तिथे विधीला गेला असेल, तर गाव-आडनाव सांगताच त्याच्यासोबत गेलेल्या भावंडांचीही नावं मिळू शकतात.