पाटीवरची सरस्वती आणि हौशी कुंचला

आज आश्विन शुद्ध दशमी. आजच्या मंगल प्रभाती घरोघरी पाटी-पुस्तकांचे पूजन होते. पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती रेखाटली जाते. तिला गंध, हळदीकुंकू आणि झेंडूचे फूल वाहिले जाते. आमच्या पिढीतील कित्येकांनी मनोभावे काढलेले पहिले चित्र हेच. ते कोणी विकत घेतले नाही, कोणी त्यास गुण दिले नाहीत; दुसऱ्या दिवशी ते ओल्या फडक्याने पुसलेही गेले. तरीही ते काढताना जीव कसा बोटांच्या अग्राशी एकवटला होता, हे आजही स्मरते. हौशी चित्रकाराला जन्मभर पुरणाऱ्या आनंदाचे मर्म आम्हांस त्या पुसलेल्या चित्रातच दिसते.

कला सर्वांची

चित्रकला ही केवळ व्यावसायिकांची मिरास आहे, असे आपल्या पूर्वजांनी कधीच मानले नाही. चौसष्ट कलांत ‘आलेख्य’ म्हणजे चित्रकलेची गणना आहे. वात्स्यायनाने सुसंस्कृत नागरिकाच्या घराचे वर्णन करताना वीणेबरोबर चित्रफलक आणि कुंचल्यांची पेटीही सांगितली आहे. भागवतातील चित्रलेखेने उषेच्या स्वप्नात आलेल्या पुरुषाचा शोध लावण्यासाठी देव, गंधर्व आणि मानव यांची चित्रे एकामागून एक रेखाटली आणि अखेर अनिरुद्धाची ओळख पटविली. तिला प्रेरणा होती ती सखीवरील प्रेमाची. विष्णुधर्मोत्तर पुराणातील ‘चित्रसूत्रा’त तर या कलेचा उगमच एका ऋषीकडे दिला आहे. नारायण ऋषींनी आम्ररसाने उर्वशीची आकृती रेखाटली, अशी ती कथा आहे.

आणि इतके दूर तरी कशाला जावे? नागपंचमीला पाटावर गंधाने नाग काढणारी, चातुर्मासात गोपद्मे रेखणारी, चैत्रात अंगणभर चैत्रांगण घालणारी आणि हादग्यासाठी पाटावर हत्ती काढणारी आपली आई-आजी कोण होती? तिला कोणी चित्रकार म्हटले नाही आणि तिलाही त्याची खंत नव्हती. सायंकाळी वाऱ्याने विस्कटणारी रांगोळी ती सकाळी तितक्याच निगुतीने घालीत असे.

राजा आणि कवी

हौसेला अधिकाराचे वा वयाचे बंधन नसते. औंध संस्थानचे अधिपती श्रीमंत भवानराव उपाख्य बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी राज्यकारभार आणि सूर्यनमस्कारांचा प्रसार सांभाळून कुंचला हाती धरला. त्यांनी रंगविलेले ‘चित्ररामायण’ १९१६ साली प्रसिद्ध झाले. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सित आवृत्ती काढण्याचे कार्य अंगीकारले, तेव्हा त्यासही त्यांनी धनाने आणि चित्रांनी साहाय्य केले. औंधचे भवानी संग्रहालय त्यांच्या या कलाप्रेमाची साक्ष आजही देत आहे.

रवींद्रनाथ टागोरांची कथा याहून वेगळी. हस्तलिखितात खोडलेल्या शब्दांना आकार देता देता ते चित्रांकडे वळले आणि साठी उलटल्यावर त्यांनी या कलेस खऱ्या अर्थाने वाहून घेतले. १९३० साली पॅरिसमध्ये त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले, त्या वेळी ते एकोणसत्तर वर्षांचे होते. ‘आता या वयात काय शिकायचे?’ असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

डबीवरचे कुंकू

स्वतःविषयी लिहिण्याचा संकोच वाटतो. परंतु हा अनुभव सांगितल्यावाचून लेखाचे प्रयोजन पुरे होणार नाही. शाळेत असताना आम्ही इंटरमिजिएटची ड्रॉइंग परीक्षा उत्तीर्ण झालो होतो. नोकरी लागल्यावरही रविवारी जलरंगांची डबी उघडली जाई. एकदा एका परिचितांनी विचारले, “याचे पैसे किती मिळतात?” प्रश्न साधा होता, पण आम्ही ओशाळलो. ती डबी कपाटात गेली ती बावीस वर्षे.

आमची मातोश्री निवर्तल्या त्या वर्षी खंडेनवमीच्या पूजेची मांडणी प्रथमच आमच्याकडे आली. विळी, अडकित्ता, शिवणयंत्र ही तिची नेहमीची आयुधे आम्ही पाटाजवळ मांडली. त्यांच्याबरोबर ठेवलेल्या फडक्यात आमची रंगांची डबी निघाली. तिच्या झाकणावर कुंकवाचे थरावर थर साचले होते. आम्ही ज्या साधनाची लाज धरली, त्याची तिने दरवर्षी न बोलता पूजा केली होती.

त्याच रात्री आम्ही स्मरणाने तिचा चेहरा रेखाटू लागलो आणि रेषा अडखळली. भिवया कशा होत्या, हसताना गालावर वळी नेमकी कुठे पडे, काही केल्या उमगेना. इतकी वर्षे एका छपराखाली राहून आम्ही तिला डोळे भरून पाहिलेच नव्हते! ते चित्र आजही अपुरेच आहे.

पाहण्याचे व्रत

तेव्हापासून आम्ही चित्र काढतो ते पाहण्यासाठी. दारावरचे तोरण रंगवू लागल्यावर कळले की झेंडू सर्वत्र सारखा पिवळा नसतो. उन्हात तो लिंबासारखा उजळतो, तर पाकळ्यांच्या खोल सावलीत तांबूस-तपकिरी होतो. आपट्याच्या पानाची दोन दळे देठाशी कशी जुळतात, हे वर्षानुवर्षे ‘सोने’ वाटूनही आम्ही कधी निरखले नव्हते. जलरंगात उजेड दाखविण्यास पांढरा रंग लावीत नाहीत. तिथला कागदच कोरा राखावा लागतो. कुठे थांबावे, हा संयम असा हळूहळू हाताला कळू लागतो.

आमची चित्रे सामान्यच आहेत, हे आम्ही जाणतो. आता हातही किंचित कापतो. परंतु पूजेचे फूल सायंकाळी निर्माल्य होते म्हणून कोणी पूजा सोडीत नाही. ज्यांच्या घरी एखादी रंगांची डबी अशीच मिटून पडली असेल, त्यांनी आज ती पाटीशेजारी ठेवावी, तिला गंधफूल वाहावे आणि पूजेनंतर ती पुन्हा कपाटात न ठेवता उघडावी. घरातील वडीलधाऱ्या माणसांना समोर बसवून पाहावे आणि रेखाटावे. चित्र बिघडले तरी पाहणे वाया जात नाही. आजच्या दिवशी एवढे सीमोल्लंघन प्रत्येकास साधण्यासारखे आहे.