ओटीतली खारीक येते कुठून?

दादरच्या पूजासाहित्याच्या दुकानात हळकुंड, सुपारी आणि बदामाच्या शेजारी खारीक हवीच. ओटी भरायची तर तिच्यावाचून चालत नाही. थंडी पडली की लालबागच्या बाजारातून तीच खारीक डिंकाच्या लाडवांसाठी घरोघरी जाते. मराठी घरात एवढा मान असलेले हे फळ पिकते मात्र बहुतांशी समुद्रापलीकडच्या वाळवंटात.

ओमानच्या बिदिया भागात ‘मबसली’ जातीच्या खजुराचे घड पिवळे, करकरीत असतानाच उतरवतात. मोठ्या कढयांत पंधरा-वीस मिनिटे उकळून फळे उन्हात पसरतात. सुरकुतलेली, अडकित्त्यालाही दाद न देणारी खारीक तयार होते आणि भारताच्या वाटेला लागते.

हा सगळा खटाटोप साखरेसाठी. पिवळ्या फळात बरीचशी साखर सुक्रोजच्या, म्हणजे आपल्या डब्यातल्या साखरेच्या रूपात असते. फळ झाडावर पिकू दिले तर इन्व्हर्टेज हे विकर तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करते. खजूर मऊ, चिकट होतो, हवेतली ओल ओढून घेतो. उकळल्याने विकर निकामी होते, तुरटपणाही जातो. मग शीतगृह नसले तरी पोत्यातला माल महिनोन्‌महिने टिकतो. लांबच्या गिऱ्हाइकासाठी पीक घेणाऱ्या शेतकऱ्याला हाच मोठा आधार.

बसऱ्याचा खजूर घेऊन कुवेतची गलबते पूर्वी मुंबईला येत आणि परतताना सागवान, तांदूळ नेत. अलीकडे खारकेचा मोठा वाटा सिंधमधल्या खैरपूरचा होता. फेब्रुवारी २०१९मध्ये पुलवामा हल्ल्यानंतर भारताने पाकिस्तानी मालावर २०० टक्के शुल्क लावले आणि मे २०२५मध्ये आयातच बंद केली. पुढच्याच महिन्यात महसूल गुप्तचर संचालनालयाने न्हावा शेवा बंदरात ३९ कंटेनर पकडल्याचे जाहीर केले. दुबईमार्गे आलेल्या त्या पाकिस्तानी मालात खारीकही होती.

मग आपल्या कच्छचे काय? तिथे खजुराच्या बागा आहेत, जानेवारी २०२४मध्ये त्या फळाला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण घड भरात येतात तेव्हाच पाऊस दारात उभा असतो. पिकण्याची वाट पाहिली तर फळ सडते. म्हणून शेतकरी ते पिवळे-लाल असतानाच विकतो आणि जून-जुलैत मुंबईच्या हातगाड्यांवर ताजे घड दिसतात. हे फळ फार दिवस टिकत नाही. सगळीकडून एकदम आवक झाली की भाव कोसळतो.

यावरही उकळणे आणि वाळवणे हाच उपाय आहे. मात्र पावसाळी हवेत उन्हाचा भरवसा नाही. तिथे यंत्रानेच वाळवायला हवे. तो खर्च निघाला पाहिजे, एवढाच खरा प्रश्न. गिऱ्हाईक शोधायला कच्छच्या शेतकऱ्याला परदेशी जावे लागणार नाही. दादर-लालबागची मागणी वर्षभर आहे.