सूर्यदर्शनाची लाल गाळणी आणि तिची जुळणी

दिनांक १८ ऑगस्ट १८६८ रोजी भारतातून खग्रास सूर्यग्रहण दिसले. फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर जान्सेन यांनी ते आंध्रातील गुंटूर येथून पाहिले. सूर्याच्या कडेवर उसळणाऱ्या तप्त वायूच्या कमानी, म्हणजेच तेजःशृंगे, त्यांनी वर्णपटदर्शकातून न्याहाळली, तेव्हा त्यांचा प्रकाश मोजक्याच रेषांत एकवटलेला आढळला. त्या रेषा इतक्या ठळक होत्या की, ग्रहण सुटल्यावरही त्या दिसतील असे जान्सेन यांना वाटले. आणि दुसऱ्या दिवशी त्या खरोखरच दिसल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लॉकियर यांनी इंग्लंडमध्ये स्वतंत्रपणे हेच साधले. (हेच लॉकियर पुढे १८९८ च्या ग्रहणासाठी आपल्या विजयदुर्गास आले होते.) आज ४० मिलिमीटर व्यासाच्या लहानशा दुर्बिणीतूनही ही शृंगे पाहता येतात. त्यासाठी लागते ती हायड्रोजन-आल्फा गाळणी.

या रेषेची तरंगलांबी ६५६.२८ नॅनोमीटर, म्हणजे सुमारे ६५६३ अँगस्ट्रॉम. सूर्याच्या नेहमी दिसणाऱ्या तेजस्वी पृष्ठावर वर्णगोल नावाचा विरळ थर असतो. त्यातील हायड्रोजन नेमका हा लाल प्रकाश शोषून घेतो. त्यामुळे रेषेच्या मध्यभागी सूर्याचे तेज आजूबाजूच्या प्रकाशाच्या सुमारे एकषष्ठांश एवढेच उरते. तेवढाच प्रकाश निवडला तर वर्णगोल दिसतो. मात्र गाळणीची खिडकी एका अँगस्ट्रॉमहून अरुंद असावी लागते. पुष्कळ दुर्बिणींत ती ०.७ अथवा ०.५ अँगस्ट्रॉम असते.

येथे शाळांनी व खरेदी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी विशेष सावध राहावे. रात्रीच्या आकाशातील तेजोमेघांची छायाचित्रे घेण्यासाठीही ‘हायड्रोजन-आल्फा’ याच नावाच्या गाळण्या विकल्या जातात. त्यांची खिडकी ३ ते १२ नॅनोमीटर, म्हणजे ३० ते १२० अँगस्ट्रॉम रुंद असते. अशी गाळणी लावून सूर्याकडे पाहिल्यास दृष्टी कायमची जाऊ शकते. सौर उपकरणात उष्णता व अनावश्यक किरण अडविणाऱ्या वेगळ्या गाळण्याही असतात. त्यांतील एकही काढून अथवा बदलून उपकरण वापरू नये.

जुळणी कशाची करावयाची, हे आता पाहू. गाळणीचे हृदय म्हणजे अत्यंत सपाट व परस्परांस समांतर असे दोन अर्धपरावर्तक पृष्ठभाग. त्यांच्यामधील सूक्ष्म अंतरात प्रकाश पुन्हा पुन्हा परावर्तित होतो आणि त्या अंतरात नेमक्या बसणाऱ्या तरंगलांब्याच बाहेर पडतात. कंगव्याच्या दातांसारख्या या अनेक लांब्यांपैकी एक पुढील गाळणी निवडते. तो दात रेषेवर आणून बसविणे म्हणजे जुळणी. काही उपकरणांत त्यासाठी पट्ट्या किंचित तिरप्या करतात, काहींत मधल्या हवेचा दाब बदलतात, तर अभ्रकाच्या गाळणीत तापमान बदलतात. शेवटच्या प्रकारात प्रत्येक बदलानंतर काही मिनिटे थांबावे लागते. घाईच्या माणसाचे ते काम नव्हे.

नवशिक्या निरीक्षक चित्र सर्वांत तेजस्वी दिसेल तेथे चक्री थांबवितो. ही समजूत अगदी उलटी आहे. तेजस्वी, गुळगुळीत आणि केवळ डाग दाखविणारे बिंब म्हणजे गाळणी रेषेपासून ढळल्याची खूण होय. प्रथम सूर्याची कड स्पष्ट दिसेल असे केंद्रीकरण करावे, डोक्यावर काळे कापड घ्यावे व चक्री अगदी सावकाश फिरवावी. बिंब मंदावू लागते, पृष्ठ खडबडीत दिसते, काळसर तंतू उमटतात, कडेवर शृंगे प्रकटतात, तेथे थांबावे. लहान उपकरणांत सारे बिंब एकाच वेळी नीट जुळत नाही, म्हणून प्रतिमा दृष्टिक्षेत्रात इकडेतिकडे सरकवून पाहावी.

तरीही एकच जुळणी सर्व दृश्यांना पुरत नाही. आपल्याकडे सेकंदाला ५० किलोमीटर वेगाने येणाऱ्या वायूची रेषा सुमारे १.१ अँगस्ट्रॉम निळ्या बाजूस सरकते. उसळू लागलेला तंतू त्यामुळे रेषेच्या मध्यावर एकाएकी दिसेनासा होतो. चक्री थोडी निळ्या बाजूस नेताच तो पुन्हा सापडतो.

स्थळ बदलले तरी जुळणी बदलते. हवेसाठी उघड्या असलेल्या गाळणीत हवा विरळ झाली की निवडलेली तरंगलांबी कमी होते. मुंबईस जुळविलेले असे उपकरण सुमारे १,३५० मीटर उंचीच्या महाबळेश्वरास नेले, तर ती जवळजवळ पाव अँगस्ट्रॉमने निळ्या बाजूस सरकते. अर्ध्या अँगस्ट्रॉमच्या खिडकीसाठी हा फरक लहान नाही. पट्टी तिरपी केल्यानेही ती निळ्याच बाजूस सरकते. म्हणून डोंगरावर तिरपेपणा वाढवून उपयोग नाही, तो कमी करावा लागतो. पट्टी आधीच सरळ असेल, तर त्या उंचीवर रेषा मिळत नाही आणि निर्दोष उपकरण नादुरुस्त ठरविले जाण्याचा संभव असतो. डोंगरावरील शाळेने दुर्बीण मागविताना आपल्या गावाची उंची विक्रेत्यास लेखी कळवावी.